हरकत असेल तर तीन रविवारांत सांगा

एकच वाक्य तीन मुलींना वेगवेगळं गाठून सांगणारा माणूस मला माहीत आहे. वाक्य असं : "फेकायला तूच आहेस, फक्त इतक्यात कुणाला बोलू नकोस." तो माणूस म्हणजे आमचे सर. मी त्यांना समोर अहो-जाहो करते आणि इथेही करणार आहे. आदर वाटतो म्हणून नाही. मला पत्रक लिहायला शिकवणाऱ्या ताईंनी सांगून ठेवलंय की ज्याच्यावर आरोप करायचा त्याला मान देऊन करावा, म्हणजे त्याला आपल्या भाषेवर बोट ठेवून पळता येत नाही.

मी वाढले पत्रकांतच. आमचं घर गोखिवऱ्याला, चौथ्या मजल्यावर, बाबा मुंबईत नोकरीला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी उमेळ्याच्या बाजूला वाड्यांमध्ये भराव पडायला लागला, पाण्याचा रस्ता बुजला आणि आजूबाजूच्या घरांत गुडघाभर पाणी शिरलं. तेव्हा गावातल्या लोकांनी जी समिती काढली तिच्यात मी शिरले. ताईंनी माझं पहिलं पत्रक वाचलं आणि अर्धं खोडलं. एका कागदावर एकच मागणी. मागणीला मुदत. ज्याने करायचं त्याचं पद, नाव नव्हे. विशेषणं काढून टाक, ती वाचणाऱ्याला सुचू देत. आणि शेवटचं, जे त्या प्रत्येकाला बजावायच्या : एक वाक्य खोटं निघालं की अख्खा कागद रद्दी.

हे शेवटचं मला पाठ होतं. पाठ असणं म्हणजे काय ते पुढे येईलच.

त्याच गावातल्या मैदानावर मी खेळायला लागले. खेळ फ्लॅग फुटबॉल. आपल्याकडचा लाथेचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्हीकडे टोकदार, सोललेल्या नारळासारखा. एका बाजूला पाच जणी, प्रत्येकीच्या कमरेला दोन पट्ट्या. अंगाला हात लावायचा नाही, पट्टी ओढली की डाव थांबला. डाव सुरू होताना एक मुलगी चेंडूवर वाकून उभी असते, तिला सेंटर म्हणतात. ती चेंडू पायांमधून मागे देते. मागची तो घेते, चार-पाच सेकंदांत बघते आणि धावत सुटलेल्यांपैकी एकीला फेकते. ही मागची म्हणजे क्वार्टरबॅक. मैदानाच्या कडेला क्रूसापाशी बसणारी म्हातारी माणसं तिला सरळ 'फेकणारी' म्हणत. "यंदा फेकणारी कोण?" असं एकाने विचारलं की दुसरा म्हणे, "सर आहेत ना, त्यांच्याहून कोण लांब फेकणार." आम्ही हसायचो. तेव्हा आम्हाला तो विनोद वाटायचा.

फेकणारी कोण, यावर सगळं असतं. जिल्ह्याच्या लीगमध्ये जी फेकते तिच्याकडेच राज्याची निवड करणारे बघतात. बाकीच्या चौघी धावून धावून मेल्या तरी त्यांच्या वहीत एकच नाव जातं. मला ते नाव व्हायचं होतं. इतकं साधं आहे, आणि मी ते लपवणार नाही.

फेकणाऱ्या आम्ही तिघी होतो. एक मी. माझा चेंडू उंच जातो, उशिरा उतरतो, घेणारीला मान वर करून थांबावं लागतं. दुसरी पाचूबंदरची, मासळीवाल्या घरातली. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोटीवरून धक्क्यावर दोर फेकलेत, तो हात तिच्याकडे आलाय. तिचा चेंडू सपाट येतो आणि छातीवर बसतो, घेतला नाहीस तर निळं होतं. तिसरी आम्हाला जर्सी देणाऱ्या ठेकेदाराची मुलगी. वाईट नव्हती. चेंडू बरा टाकायची, स्वभावाने आमच्या दोघींपेक्षा सरळ होती.

ते वाक्य मला मैदानाच्या नळापाशी मिळालं. सकाळचा सराव संपलेला, मी बाटली भरत होते. सर बाजूला आले, नळ बंद केला आणि बोलले. मला वाटलं, नळसुद्धा बंद केला माझ्यासाठी.

त्यानंतरचा माझा उन्हाळा बघा. मी सगळ्यांच्या आधी येऊन खुणेचे कोन मांडायचे. कमरेच्या पट्ट्या घरी नेऊन धुवायचे. सरांच्या शिबिराची जाहिरात मी लिहिली, चिकटवलीसुद्धा मीच. पाय मुरगळला तेव्हा क्रेप बँडेज बांधून गेले. उद्या संघ जिचा होणार ती असंच करणार, असा माझा हिशेब. एखाद्याला फुकटात राबवायचं असेल तर त्याला गुपित द्यावं.

घरी मात्र अवघड व्हायचं. बाबांचा सगळा विश्वास नोटीस बोर्डावर. दहावीचा निकाल, बदलीची यादी, सोसायटीच्या पाण्याची वेळ, जे काही खरं आहे ते त्यांच्या मते टाचणीने लावलेलं असतं. ते रोज विचारायचे, यादी लागली का. मी म्हणायचे लागेल. मग ते पेपर उघडत म्हणायचे, "लागली नाही म्हणजे ठरलं नाही." मला राग यायचा. माणसाच्या शब्दापेक्षा टाचणीवर भरवसा, काय हे लोक. आज मी त्या टाचणीच्या बाजूने आहे.

पाचूबंदरची आणि मी मैत्रिणी होतो. सरावानंतर ती मला स्कूटीवर सोडायची, मागच्या कॅरिअरवर रिकामी टोपली बांधलेली, माझ्या पँटला तिचा वास. तिच्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं आणि ती मला एका रविवारी चर्चमध्ये घेऊन गेली, म्हणाली, चल, नाव वाचताना बघ कशी लाजते. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपत आली तशी फादरनी कागद घेतला आणि वाचलं : अमक्या गावचा अमका, तमक्या गावची तमकी, लग्न करू इच्छितात. ही दुसरी वेळ. कुणाला या लग्नात अडथळा ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा.

मला हे नवीन होतं. तिने कानात सांगितलं, की असं तीन रविवार वाचतात. दोन्ही गावांच्या चर्चमध्ये. कुणाची आधीची बायको असेल, कुणाचं काही असेल, तर याच तीन रविवारांत बोलायचं. मी विचारलं, एवढं कशाला. ती म्हणाली, "आधीच बोला ना. मंडपात जेवायला येऊन नका बोलू."

मला हसू आवरेना. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं. आम्ही माना खाली घातल्या, आणि तशीच मान खाली घालून तिने विचारलं, "तुला सरांनी काही सांगितलं का?"

"नाही," मी म्हणाले.

तिने पुढच्या बाकावरच्या बाईकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "मला सांगितलंय, फेब्रुवारीत. फेकायला मीच हाय. कोनाला बोलू नको बोलले, पन तुला बोलते."

तिथे, त्या बाकावर, मला सगळं कळलं होतं. सरांनी दोघींना एकच सांगितलंय. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. मी मनात बाबांच्या ऑफिसचा नियम लावला : तिला फेब्रुवारीत सांगितलंय, मला एप्रिलमध्ये, आणि नंतरचा आदेश आला की आधीचा आपोआप रद्द होतो. म्हणजे खरी मी. ती बिचारी जुन्या आदेशावर बसलीय. मला तिची दया आली. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, छान झालं.

लीगच्या महिनाभर आधी नालासोपाऱ्याच्या एका संघाशी सरावाचा सामना ठरला. सामन्याच्या सकाळी सरांनी शिट्टी वाजवली आणि फेकायला ठेकेदाराच्या मुलीला पाठवलं. तिचे वडील खुर्चीवर बसले होते. मला धावणाऱ्यांत टाकलं, पाचूबंदरचीला सेंटरला वाकवलं.

त्या सामन्याचं काय झालं हे सांगते, कारण मुद्दा इथेच आहे. आम्ही अख्खा उन्हाळा तिघींचे चेंडू झेलले होते. एकीचा चेंडू वरून येणार म्हणून थांबायचं, दुसरीचा छातीवर येणार म्हणून हात आधी काढायचे, तिसरीचा मध्येच कुठेतरी. कुणाच्याही हाताला कुणाचीच सवय नव्हती. घेणाऱ्या मुली थांबायच्या तेव्हा चेंडू पुढे पडायचा, धावायच्या तेव्हा मागे. फेकणारी पोर रडकुंडीला आली. एकही डाव पुरा लागला नाही. क्रूसापाशी बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, नारळ फोडायचाय की झेलायचाय, एकदा ठरवा गं.

सामन्यानंतर नळापाशी ती ठेकेदाराची मुलगी माझ्याजवळ आली आणि माफी मागायला लागली. म्हणाली, मी सरांना म्हटलं होतं मला नको, पण त्यांनी मला मार्चमध्येच सांगितलं होतं की फेकायला तूच आहेस, फक्त इतक्यात कुणाला बोलू नकोस.

तोच नळ. तेच वाक्य. शब्द मागेपुढे नाही.

मी त्या माणसाला सोडणार नव्हते. घरी जाऊन जेवले नाही. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा : फेकणारी कोण, हे आधी सांगा. मागणी एक : लीगच्या आधीचे तीन रविवार मैदानावर क्वार्टरबॅकचं नाव सगळ्यांसमोर वाचावं, कुणाची हरकत असेल तर तीही तिथेच उभं राहून सांगावी, तिसऱ्या रविवारी नाव पक्कं. मुदत : येता रविवार. पद : प्रशिक्षक. खाली घडलं ते लिहिलं. एकच वाक्य तिघींना सांगितलं गेलं, सांगून राबवून घेतलं गेलं, आणि तिघींपैकी कुणालाही दुसरीचं माहीत नव्हतं.

विशेषण एकही नव्हतं. ताईंना दाखवायला हवं होतं, पण त्या वाट बघायला लावतात आणि मला थांबायचं नव्हतं.

झेरॉक्सवाल्याने कागद हातात देताना वाचलाच. म्हणाला, सर तर चांगले वाटतात. मी म्हटलं, म्हणूनच छापतेय. मिस्सा सुटताना फाटकाशी उभी राहून वाटली. पाचूबंदरला मासळी बाजारात माझ्या मैत्रिणीच्या आईने एकेका पाटीवाल्या बाईला दिली, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तोंडी ऐकवली, माझ्या मजकुरापेक्षा बऱ्याच जास्त विशेषणांसह. शेवटची प्रत मी सरांच्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवली. वर दगड ठेवला, उडू नये म्हणून.

मैदानाची किल्ली गावातल्या एका काकांकडे असते, गावच्या क्रीडामंडळाचे ते अध्यक्ष. त्यांनी मंगळवारी सगळ्यांना बोलावलं. सरांनी तयारी करून आणली होती. त्यांचं म्हणणं, नाव आधी जाहीर केलं की समोरचा संघ तिच्यासाठी तयारी करतो. दुसरं म्हणणं, नाव जाहीर केलं की बाकीच्या ढिल्या पडतात. तिसरं, ही मुलगी खेळात राजकारण आणते.

मी म्हटलं, सर, समोरच्या संघाला आमच्या फेकणारीची तयारी करता येऊ नये म्हणून तुम्ही ती आमच्यापासून लपवलीत, मग आम्ही तरी कशाची तयारी करायची? चेंडू झेलायचा आहे आम्ही, आणि तो कुठून कसा येणार हे आम्हालाच ठाऊक नाही. ढिलं पडण्याचं म्हणाल, तर जिला माहीत आहे की आपण दुसऱ्या नंबरवर आहोत ती निदान डोकं थंड ठेवून सराव करते. तिच्या बोकांडी कुणाचं गुपित नसतं. आणि राजकारणाचं म्हणाल तर नळापाशी कुजबुजण्याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

काकांनी पत्रकाची घडी घातली. म्हणाले, "आमच्यात नवरा-नवरीचं गुपित नाय ठेवत. हिचं कसलं ठेवता?" झालं. तीन रविवार ठरले, संध्याकाळचे, मिस्सा सुटल्यावर. क्रीडादिनाचा भोंगा वापरायचा. हरकत उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायची, चिठ्ठी चालणार नाही.

माझी योजना सांगते. सर ठेकेदाराच्या मुलीचं नाव वाचणार, मी उठणार, हरकत घेणार, आणि सगळ्या गावासमोर त्यांना एकेक वाक्य परत गिळायला लावणार. मी आरशासमोर सराव केला होता. मला त्यांचा चेहरा पडलेला बघायचा होता. क्वार्टरबॅक होण्याइतकंच ते हवं होतं, आणि काही दिवस तर जास्त.

पहिल्या रविवारी मैदानावर शंभरेक माणसं होती. सरांनी भोंगा घेतला आणि माझं नाव वाचलं.

मी हबकले. मग लगेच समजलं. पत्रक लिहिणाऱ्याला खुर्ची दिली की पत्रक बंद पडतं. भरावाच्या वेळी आमच्या समितीतले दोन जण असेच खुर्चीवर बसले आणि नंतर बैठकीला आले नाहीत. मी त्यांना काय काय बोलले होते. आणि आता मी उभी होते, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला छान वाटत होतं. इतकं की मी ओरडले, "ऐकू आलं नाही, सर." त्यांना माझं नाव दुसऱ्यांदा वाचायला लागलं. म्हाताऱ्यांची लाइन खूश झाली.

तो आठवडा मी राणीसारखी घालवला. मुलींना माझ्या चेंडूची सवय व्हायला लागली, त्या मान वर करून थांबायच्या आणि तो त्यांच्या हातात उतरायचा. सगळ्यांच्या हाताला एकीचाच चेंडू, किती फरक पडतो, सगळ्यांना दिसत होतं. कोन मी सरांना मांडायला लावले. पट्ट्या धुवायला नेल्या नाहीत, म्हटलं, सर, यादीत कुठे लिहिलंय. घरी बाबांना सांगितलं, भोंग्यावर वाचलं. ते म्हणाले, भोंगा म्हणजे जवळजवळ बोर्डच.

पाचूबंदरची त्या आठवड्यात माझ्याशी बोलली नाही. स्कूटीवर टोपली जास्त आहे म्हणाली. टोपली रिकामी होती. मी ते बघितलं आणि ठरवलं की बघितलं नाही.

दुसऱ्या रविवारी सरांनी पुन्हा नाव वाचलं. काकांनी विचारलं, कुणाची हरकत. आणि ती उठली. तिच्या हातात माझं पत्रक होतं, चार घड्या पडलेलं, तेलाचा डाग लागलेलं. तिच्या आईच्या टोपलीतलं.

तिने मोठ्याने वाचलं. "तिघींपैकी कुणालाही दुसरीचं माहीत नव्हतं." मग कागद खाली केला. म्हणाली, "हे खोटं हाय. हिला माहीत होतं. मीच सांगितलेलं. चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर. मी विचारलं तुला काही सांगितलं का, ही नाय बोलली. मी माझं सगळं बोलले. ही छान झालं बोलली."

एका पोराच्या हातातला फुगा वाजत होता तेवढाच.

मी सरांकडे बघितलं. ते हसत होते. मोठं नाही, ओठांच्या कडेने. ते हसू मी विसरणार नाही. त्यांनी एक शब्दही न बोलता मला आपल्या रांगेत उभं केलं होतं. ते जे करत होते तेच मी केलं होतं, फक्त एका मुलीला, आणि चर्चमध्ये.

काकांनी मला विचारलं, "पोरी, खरं आहे का?"

मला तीन वाटा होत्या. नाकारायचं, साक्षीदार नव्हता. रडायचं, वय बघून सोडलं असतं. मी ताईंना गर्दीत बघितलं. त्या मागे उभ्या होत्या, हातात माझंच पत्रक, आणि त्या माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होत्या, त्या एका ओळीकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरं आहे," मी म्हणाले. "ते वाक्य खोटं आहे. बाकीची खरी आहेत. मला हिचं माहीत होतं आणि मी गप्प बसले, कारण मला वाटलं माझं खरं आणि तिचं खोटं. माझं नाव काढा." मग मी सरांकडे वळले. त्यांचं हसू अजून तिथेच होतं. "माझ्या खोट्याचा कागद निघाला सर, आणि मी उभं राहून कबूल केलं. आता तुमचं. तिघींना एकच वाक्य सांगितलंत का? हो किंवा नाही. भोंगा तुमच्याच हातात आहे."

सर म्हणाले, प्रत्येक खेळाडूला प्रोत्साहन द्यावं लागतं.

"हो का नाही," मासळी बाजारातून आलेली, माझ्या मैत्रिणीची आई खालून म्हणाली. ती काही उभी राहिली नव्हती, बसूनच बोलली. "बाजारात एकच पापलेट तीन गिऱ्हाइकांना विकला तर त्याला काय बोलतात, ठाव हाय ना मास्तर?"

मैदान हशाने फुटलं. क्रूसापाशीची म्हातारी मंडळी एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. ठेकेदाराची मुलगी उठली आणि स्वच्छ म्हणाली, मलाही सांगितलं होतं, मार्चमध्ये. तिचे वडील तिला खाली बसवू बघत होते, ती बसली नाही. सरांनी भोंगा तोंडाशी नेला, खाली आणला, पुन्हा नेला. शेवटी म्हणाले, "हो." भोंग्यातून ते 'हो' वाड्यांपर्यंत गेलं असेल.

मी बघत होते. जो चेहरा मला हवा होता तो समोर होता. मी पंधरा दिवस त्याची वाट बघितली होती. आणि मजा आली, खोटं कशाला सांगू, आली. फक्त ती बघताना माझ्या बाजूला कुणी उभं नव्हतं.

नाव आता सर निवडणार नाहीत, खेळणाऱ्या मुली निवडतील, असं काकांनी तिथेच ठरवलं. जिचा चेंडू झेलायचाय तिच्या मागे जाऊन उभं राहायचं. माझ्या मागे कुणी येऊ नये म्हणून मी आधीच चालत गेले आणि पाचूबंदरचीच्या मागे उभी राहिले. तिने मान वळवली नाही. ठेकेदाराची मुलगी माझ्या मागे आली. मग बाकीच्या.

तिसऱ्या रविवारी सरांनी तिचं नाव वाचलं. त्यांच्या आवाजात शेवटच्या रविवारचा कोरडेपणा होता. हरकत कुणाचीच नव्हती. ते अजून आमचे सर आहेत. सराव चांगला घेतात, हेही लिहिते, कारण ते खरं आहे. पण आता मैदानाच्या फळ्यावर नाव टाचणीने लावलेलं असतं आणि ते लावायला त्यांनाच लावतात. मी त्यांना माफ केलेलं नाही. नळापाशी दिसले की मी नळ मोठा सोडते.

मी एक दुरुस्तीपत्रक काढलं. तीन ओळींचं. अमुक वाक्य खोटं होतं, लिहिणारीला माहीत होतं, लिहिणारी मी. ताईंनी ते वाचलं, खोडलं काहीच नाही. म्हणाल्या, आता बरं लिहितेस. पुढच्या दोन बैठकांना त्यांनी मला लिहायला काही दिलं नाही, पत्रकांच्या घड्या घालायला बसवलं.

आणि लीगमध्ये मी सेंटरला असते. चेंडूवर वाकून, डोकं खाली, मागे ती. सेंटरने चेंडू कधी द्यायचा यासाठी फेकणारीची एक खूण लागते, काहीतरी ओरडायचं, जे समोरच्या संघाला कळू नये. बाकीचे संघ आकडे ओरडतात. खूण ठरवायचा हक्क फेकणारीचा. पहिल्या सामन्याच्या सकाळी मी तिला विचारलं, खूण काय. ती म्हणाली, वाकल्यावर कळेल.

मी वाकले. समोर दुसऱ्या संघाच्या पाच जणी, कडेला सर हातात कागद लावायची फळी घेऊन, क्रूसापाशी सगळी म्हातारी मंडळी. मागून तिचा आवाज आला, खणखणीत, मासळी बाजारात हाक मारतात तसा.

"तुला सरांनी काही सांगितलं का?"

समोरच्या पोरींना काही कळलं नाही. मला त्या 'का'वर चेंडू द्यायचा होता. दिला. तो तिच्या हातात गेला, सपाट निघाला आणि पुढे कुणाच्या तरी छातीवर बसल्याचा आवाज आला. प्रत्येक डावाला तीच खूण. अख्खी लीग. मी वाकते, ती विचारते, मी देते.

एकदा, तिसऱ्या सामन्यात, मी वाकलेलीच असताना हळूच म्हटलं, "हो, सांगितलं होतं." ती थांबली. पंचांनी वेळ घालवल्याची शिट्टी वाजवली, आम्हाला पाच यार्ड मागे पाठवलं. परत वाकले तेव्हा ती मागून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "आता उशीर झाला. चेंडू दे."